धोक्यात कोणी घातलं?

एका क्रियापदापायी शेजाऱ्याशी महिनाभर बोलणं टाकणारं माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच असेल, आणि ते नेमकं अकरा वर्षं माझ्या डोक्यावर, म्हणजे माझ्या बरोबर वरच्या घरात, राहत होतं. भांडण पार्किंगवरून झालं असतं तर मी समजू शकलो असतो. कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्यावरून, जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून आमच्या सोसायटीत माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पण ‘येणे’ की ‘घालणे’ यावरून कुणी कुणाशी अबोला धरतं का? वरच्या बाईंनी धरला. माझ्याशी धरला. आणि मी काही लिहिता-वाचता न येणारा माणूस नव्हे. एका औषध कंपनीच्या ऑफिसात वीस वर्षं पत्रव्यवहार बघतोय. माझ्या हातचं पत्र साहेबांनी कधी परत पाठवलेलं नाही. बाईंनी माझी नोटीस परत पाठवली. दहापैकी शून्य गुण दिले आणि ते नजरेतून सुटू नये म्हणून शून्याभोवती आणखी एक गोल काढला.

बाई मूळच्या वसईजवळच्याच सांडोर गावच्या. वडिलांची केळीची वाडी होती, ती भाऊ बघायचा. बाईंनी मराठीत एम. ए. केलं, मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं मराठी शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आम्ही सगळे कोकणातून, देशावरून, मुंबईतून आलेले नोकरदार. आमच्यापैकी एकाने नवीन नवीन असताना त्यांना जिन्यात गाठून मोठ्या कौतुकाने विचारलं, “तुम्ही ख्रिश्चन असून मराठी शिकवायचात?” बाई दोन पायऱ्या खाली उतरल्या. म्हणाल्या, “तुमच्या वाक्यात ‘असून’ हा शब्द कशासाठी आला, ते उद्या मला सांगा.” तो माणूस पुढे पंधरा दिवस लिफ्टशिवाय फिरला नाही.

त्यांच्या अंबाड्यात कायम एक लाल पेन खोचलेलं असे. बाकीच्या बायका जिथे अबोलीचा गजरा माळतात, तिथे बाईंचं पेन. सोसायटीच्या फळ्यावर मी नोटीस लावायचा अवकाश, की संध्याकाळपर्यंत तिच्यावर लाल रेघा उमटलेल्या असायच्या. ‘टाकी साफ करण्यात येणार असून पाणी जपून वापरण्यात यावे’ असं मी लिहिलं, तर खाली लाल अक्षरांत, ‘कोण साफ करणार? कोणी वापरावे? ४/१०.’ मी या सोसायटीचा सेक्रेटरी, पण बाईंच्या तोंडी मी कायम ‘चिटणीस’. “चिटणीस, या वाक्यात माणूस कुठे आहे?” असं त्या भर गेटवर, वॉचमनसमोर विचारायच्या. वॉचमन उत्तर प्रदेशातला. त्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी नापास झालोय हे त्याला बरोबर कळायचं.

आणि हेच कडक व्याकरण त्या गावच्या माणसांना लावत नसत, याचा मला फार राग यायचा. सांडोरहून एक भाजीवाली यायची. तिच्याशी बाई त्यांच्या घरच्या बोलीत अशा भरधाव सुटायच्या, की मला त्यातलं ‘पानी’ आणि ‘केली’, म्हणजे केळी, एवढंच समजायचं. एकदा मी टोमणा मारलाच, “बाई, आता ण कुठे गेला?” त्या शांतपणे वांगी निवडत म्हणाल्या, “ती घरची भाषा आहे. घरात मी चपला काढून ठेवते.”

पण सगळ्या भाषेत बाईंचा खास डोळा होता तो एकाच प्रयोगावर. धोक्यात येणे. हे दोन शब्द दिसले की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची. आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात छापून आलं, ‘उघड्या गटारामुळे पादचाऱ्यांचा जीव धोक्यात आला आहे.’ बाईंनी संपादकाला फोन लावला. मी तेव्हा पाण्याच्या वेळापत्रकावर सही घ्यायला गेलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. “जीव धोक्यात आला म्हणजे कसा आला? रिक्षा करून आला? झाकण कोणी काढलं? काढून परत कोणी बसवलं नाही? त्याने जीव धोक्यात घातला, असं लिहा. ‘घालणे’ लिहिलं की कर्ता शोधावा लागतो, म्हणून तुम्ही लोक ‘येणे’ लिहिता. आळशी आहात.” संपादक बिचारा पुढच्या अंकापासून सावध झाला, म्हणजे त्याने बाईंचा नंबर ओळखून फोन उचलणं बंद केलं.

चर्चमधल्या फादरनाही त्यांनी सोडलं नाही. एका रविवारी प्रवचनात फादर म्हणाले, मोहामुळे आपला आत्मा धोक्यात येतो. मिस्सा संपल्याबरोबर बाई मागच्या खोलीत हजर. “फादर, आत्मा धोक्यात येत नाही. आपण घालतो. हे तर तुम्ही मला सांगायला हवं.” फादर तरुण होते, मनमोकळं हसले, आणि पुढच्या रविवारी म्हणे त्यांनी वाक्य सुधारून पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी ‘तुमची साखर वाढली आहे’ म्हटल्यावर, “वाढली नाही डॉक्टर, मी वाढवली. नाताळात,” असं उत्तर देणारा दुसरा पेशंट मी पाहिलेला नाही. मी एकदा त्यांच्यासमोर शब्दकोश उघडून धरला. म्हटलं, बाई, दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत, हे बघा. बाई म्हणाल्या, “शुद्ध आहेत. मी अशुद्ध कधी म्हटलं?” मग तुमचा आक्षेप काय आहे, असं विचारलं तर त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि विषय बदलला. याचं उत्तर मला पुढे मिळालं, ते सगळ्या बिल्डिंगसमोर.

त्याचं असं झालं. आमच्या तळमजल्यावर एक व्यायामशाळा होती. तिचा मालक, आम्ही सगळे त्याला जिमवाला दादा म्हणायचो, वालीवच्या एका कारखान्यात फिटर होता. नोकरी सोडून त्याने हे उभं केलं होतं. दिलदार माणूस. गणपतीला मूर्ती उचलायला पहिला, कुणाचा गॅस सिलिंडर वर न्यायचा असेल तर पहिला. एका पावसाळ्यात बाईंना ताप भरला, लिफ्ट बंद होती, तर त्याने त्यांना खुर्चीसकट तीन मजले खाली नेलं आणि रिक्षात बसवलं. असा हा दादा. त्याने एक मोठं मशीन आणलं आणि ते भिंतीलगत बसेना. मग तीन दिवस खालून हातोड्याचे दणके ऐकू आले. चौथ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक बारीक चीर दिसली. आठ दिवसांत त्या चिरेत नखाचं टोक जाऊ लागलं. बायको म्हणाली, “हे नुसतं प्लास्टर नाही हं.” मी म्हटलं, प्लास्टरच आहे.

शेवटी ओळखीच्या एका इंजिनिअरला बोलावलं. तो व्यायामशाळेत गेला, आरशामागे टॉर्च मारला आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, “वर किती कुटुंबं राहतात?” दादाने मशीनसाठी खांबच तासला होता. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, त्यातल्या दोन कापलेल्या होत्या. त्याच दिवशी टेकू लावा, त्या बाजूची घरं रिकामी करा आणि खांब नीट बांधून घ्या, असं त्याने सांगितलं. टेकू संध्याकाळपर्यंत लागले. राहिली नोटीस. ती लिहायची जबाबदारी चिटणिसांची.

मी आयुष्यात एवढा विचार करून दुसरं काही लिहिलं नसेल. दादा रोज सकाळी मला हात जोडून ‘गुड मॉर्निंग सेक्रेटरी’ म्हणायचा. त्याचं नाव लिहायचं कसं? मी लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणास्तव इमारतीची सुरक्षितता धोक्यात आली आहे. तरी सर्व रहिवाशांनी सहकार्य करावे.’ मला तर ते वाक्य फार आवडलं होतं. कुणाला न दुखावता सगळं सांगणारं. अर्ध्या तासात बाई तो कागद फळ्यावरून काढून माझ्या दारात उभ्या. शून्य, आणि शून्याभोवती गोल.

“काही तांत्रिक कारणास्तव!” बाईंनी कागद माझ्या नाकासमोर धरला. “ते कारण रोज सकाळी तुम्हाला नमस्कार करतं!”

मीही भडकलो. म्हटलं, “बाई, तुमचं काय जातंय? मला त्याच्या दारावरून दिवसातून चार वेळा जावं लागतं. आणि त्याने तुम्हाला उचलून खाली नेलं होतं, विसरलात?”

“विसरले नाही. म्हणूनच म्हणते. ज्याने मला तीन मजले उचललं, त्याच्या तोंडावर मी खरं बोलायचं नाही, तर कुणाच्या?”

“मला शाळा नको आहे बाई. मी पन्नाशीचा माणूस आहे.”

“मग पन्नाशीच्या माणसासारखं वाक्य लिहा,” असं म्हणून त्या वर गेल्या आणि तो महिनाभराचा अबोला सुरू झाला. मी जिन्यात भेटलो की बाई भिंतीकडे बघायच्या. मला एवढा संताप आला होता, की मी बायकोला ताकीद दिली, वर डबा पाठवायचा नाही. बायको म्हणाली, “मग तू घेऊन जा,” आणि डबा पाठवतच राहिली. घरातसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं.

इकडे काम पुढे सरकेना, घरं रिकामी करायलाही कुणी तयार होईना. दादा म्हणे, खांब आधीपासूनच कमकुवत होता. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, चूक कंत्राटदाराची. कोणी म्हणालं बिल्डरची. खाली टेकू उभे होते आणि वर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपापल्या घरी जेवत होता. अखेर एका रविवारी सकाळी गच्चीवर सभा बोलावली. बाई मिस्साहून थेट आल्या, हातात प्रार्थनेचं पुस्तक, अंबाड्यात पेन. तासभर आम्ही जे बोललो ते त्यांनी गुपचूप ऐकलं. मग त्या उठल्या आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाल्या, “धोक्यात घालणे. वाक्यात उपयोग करा. एकेकाने.”

लोक हसले. पण त्या आवाजात असं काही होतं, की पुढे बसलेले निवृत्त बँकवाले काका आपोआप उभेच राहिले. “अवकाळी पावसाने पिके धोक्यात घातली.” बाई म्हणाल्या, “पाऊस सभेला आला आहे का? बसा.” एका बाईने आपल्या नवऱ्याकडे बघत म्हटलं, “हे हेल्मेट न घालता आमचा जीव धोक्यात घालतात.” त्यावर बाईंनी चक्क ‘छान’ म्हटलं. मग त्यांनी महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “चिटणीस.” मी उभा राहिलो. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, दादा अगदी समोर बसला होता. मी म्हणालो, “इमारत... धोक्यात घालण्यात आली आहे.”

“‘घालणे’ वापरलंत आणि तरी माणूस लपवलात,” बाई म्हणाल्या. “मानलं तुम्हाला. बसा.”

दादा ताडकन उठला. “बाई, मला कळतंय हा सगळा ड्रामा कोणासाठी चाललाय. माझ्यावर आरोप करायचा ना, तर सरळ करा. आणि झालंय काय एवढं? कोण मेलंय का?”

बाई त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आधी मी करते उपयोग. मी अठ्ठावीस मुलींचा जीव धोक्यात घातला.”

तेव्हा त्या तिशीच्या होत्या. पावसाळ्यात मुलींची सहल चिंचोटीच्या धबधब्याला नेली होती. वाटेतला ओढा ओलांडायच्या आधी तिथल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने सांगितलं, वर ढग दाटलेत, पोरींना पलीकडे नेऊ नका. बाईंना वाटलं, इतक्या लांब आलोय, मुलींनी पाठ केलेल्या पावसाच्या कविता एकदा डोळ्यांनी बघू देत. त्यांनी नेलं. परत येताना पाणी चढलं. एक मुलगी वाहून चालली होती, ती पुढे खडकाला अडकली म्हणून वाचली. पायाचं हाड मात्र असं मोडलं, की ती पुढे कधी सरळ चालू शकली नाही.

“मुख्याध्यापिकेने अहवाल लिहिला,” बाई म्हणाल्या. “‘अचानक पाणी वाढल्याने विद्यार्थिनींचा जीव धोक्यात आला.’ चांगली बाई होती ती, मला वाचवायला बघत होती. मी सही केली. एकही चूक नव्हती त्या वाक्यात. मी त्याला दहापैकी दहा दिले असते. त्या मुलीची आई माझा हात धरून म्हणायची, तुम्ही होतात म्हणून पोर हाती लागली. नऊ वर्षं मी ते ऐकून घेतलं. मग एक दिवस त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, गुराख्याने मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. दोन वर्षं ती मुलगी माझ्याशी बोलली नाही. तिचा हक्क होता तो.” मग त्या दादाकडे वळल्या. “कुणी मेलं नाही, म्हणताय. तेव्हाही मेलं नव्हतं.”

त्या बसल्या. दादा जिना उतरून निघून गेला. सभा तशीच मोडली.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास तो माझ्याकडे आला. दोन पेले पाणी प्यायला आणि वहीतून फाडलेला एक कागद पुढे केला. ‘माज्या जीममदे मशीन बसत नव्हती म्हनून मी कॉलम तोडला. कंत्राटदार नको बोलला होता. मीच बोललो तोड. मी पूर्न बिल्डींग धोक्यात घातली. काम मी करून देनार.’ खाली सही. मी तो कागद घेऊन बाईंकडे गेलो. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजा वाटत होती. माझ्या घोटीव मराठीला शून्य देणाऱ्या बाई याला काय देतात ते मला बघायचं होतं. त्यांनी दारातच उभ्याने वाचलं. अंबाड्यातलं पेन काढलं. पुन्हा वाचलं. पेन परत खोचलं.

“लावा फळ्यावर. जसंच्या तसं.”

“आणि गुण?”

“गुण द्यायला ही काय परीक्षा आहे?” असं म्हणून त्या माझ्याकडे बघत उभ्याच राहिल्या. दार पुरतं उघडेनात की लावेनात. मला कळलं त्या कशाची वाट बघताहेत, आणि मी पुन्हा चिडलो. खांब मी तासला नव्हता! मी फक्त सेक्रेटरी होतो! असा दोन मिनिटं धुमसलो आणि मग माझ्याच तोंडून निघालं, “तीन दिवस हातोड्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी खाली उतरून विचारलं नाही. बायको सांगत होती तरी नुसतं प्लास्टर आहे म्हणत राहिलो. माझ्या घरच्यांचा जीव मी धोक्यात घातला.”

“या आत,” बाई म्हणाल्या. “चहा ठेवते.”

दादाने शब्द पाळला. चार महिने व्यायामशाळा बंद ठेवली, मशीन विकलं आणि खांब पुन्हा उभा केला. त्या बाजूच्या घरांना काम होईपर्यंत दुसरीकडे जावं लागलं. आम्ही मेव्हण्याकडे गेलो, बाई सांडोरला भावाकडे गेल्या. आम्ही परत आलो. बाई आल्या नाहीत. लिफ्ट सारखी बंद पडते आणि गुडघे जिने चढू देत नाहीत, असा निरोप आला आणि मागोमाग घर भाड्याने द्यायला काढल्याचं समजलं. मला त्याचाही रागच आला. अकरा वर्षं माणसाला धारेवर धरायचं आणि निरोप धाडून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

तो राग घेऊनच मी एका शनिवारी, कागदपत्रांवर सह्या घ्यायच्या निमित्ताने, सांडोरला गेलो. बाई ओट्यावर बसून भावजयीबरोबर पापडीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून हसल्या, जेवायला थांबवून घेतलं, सह्या केल्या. त्या हात धुवायला विहिरीकडे गेल्या तेव्हा भावजय हळूच म्हणाली, “इथे आल्यात ते बरं झालं. तिकडून रोज संध्याकाळी सातला फोन यायचा बघा. बोलायच्या काहीच नाहीत. आज काय शिजलंय, एवढंच विचारायच्या. आणि मग मी भाजी परतायची आणि त्या फोन कानाला लावून ऐकत बसायच्या.”

मी मोटरसायकल काढली खरी, पण वाडीच्या वळणावर थांबलो. सातला मी रोज त्यांच्या बरोबर खालीच तर असायचो. टीव्ही लावून. अकरा वर्षांत मी त्यांना हजार प्रश्नांची उत्तरं दिली, आणि बाई, संध्याकाळी एकट्या काय करता, हा एक प्रश्न मला विचारता आला नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा फोन वाजला. सात वाजून गेले होते. बायकोचे हात पिठात होते म्हणून मी उचलला.

“चिटणीस,” बाई म्हणाल्या, “आज काय शिजलंय?”

“वालाचं बिरडं,” मी म्हटलं. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावर कढईशेजारी ठेवला आणि बायकोला खुणेनेच सांगितलं, गप्प राहा, फोडणी कर.